जावयाचं वाण

नाही सर, या कागदावर मी सही करणार नाही – कढी घ्या अजून, डाळीचे फुनके कोरडे नका खाऊ, आमच्या धरणगावात पाहुणा उपाशी उठत नाही – पण सही नाही म्हणजे नाही. अहो, विद्यापीठाचे तज्ज्ञ तुम्ही, मी नुसता संस्थेचा चेअरमन, चौथी पास. मग सकाळी जळगावला आपल्या कॉलेजात प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या, त्यात बिऱ्हाडेबाईंचं नाव खाली आणि आमच्या जावयाचं वर, हे कुठल्या शास्त्रात बसलं? मी सांगितलं होतं? नाही ना? मग कुणी – हां, घरून आमच्या मंडळींचा फोन. बेबाबाईंचं गणित सोपं आहे हो : 'जवाई आपला, कॉलेज आपलं, तुमनं काय जास?' माझं काय जातं? सांगतो ना काय जातं.

क्रीडा जैवयांत्रिकी म्हणजे काय ते मला कळेल असं सांगा, एवढंच मी विचारलं होतं. आमच्या जावयानं, मगनरावांनी, असं काही इंग्रजी फाडलं की मला ओ का ठो कळलं नाही. आणि बिऱ्हाडेबाई काय म्हणाल्या? नाना, उभे राहा, टाचांवर या, चवडे वर उचला, आता हा पेपरवेट फेका. फेकला – टेबलापुढेच पडला! तुम्हीसुद्धा हसलात. आता म्हणाल्या, पाय रोवून फेका. रोवला मी पाय – कॉलेजची काच गेली की हो! आमचा बन्सीलाल शिपाई धावत आला, त्याला वाटलं मारामारी झाली. अहो, जन्मभर कपाशीची पोती उचलली मी, जोर पायातून येतो हे अंगाला ठाऊक होतं, पण ते शास्त्र आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि भाला फेकणारी आपली दोन पोरं कोपर धरून घरी बसलीयेत, त्यांना शिकवत कोण होतं? आमचेच मगनराव, टेम्पररी. आता त्यांनाच कायम करू?

आणि तुम्ही माझ्या कानात काय कुजबुजलात – बाई धुळ्याच्या, आडनाव बिऱ्हाडे, संस्थेला चालेल का? का नाही चालणार? ज्याला चालत नसेल त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं. पुढच्या निवडणुकीत पाडा मला. पाडाच!

अधिक महिना आहे, कबूल. धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं. देतो ना – चांदीचं ताट देतो, अंगठी घालतो, वर पाया पडतो. पण ती प्राध्यापकाची खुर्ची काय माझ्या बापानं करून ठेवलीय ताटात घालून द्यायला?

काय? पोरीचा संसार? म्हणजे बेबाबाईंनी तेही सांगितलं तुम्हाला. मग पुरतं ऐका. आमची कुंदा होळीपासून माहेरी आहे. मगनरावांचा निरोप आलाय – नेमणुकीची ऑर्डर हातात पडली की तिला न्यायला येतो, त्याआधी नाही. स्वतःची बायको न्यायला कुणी असं मोल मागतं का हो? आज नोकरी दिली की उद्या फटफटी मागेल, परवा प्लॉट, आणि दर वेळी माझी लेक माझ्याच दारात आणून उभी करेल. तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय, धोंड्याचं आमंत्रण गेलंय म्हणून उद्या नवरा मायेनं येतोय. सकाळपासून आत अनारसे तळतेय, गाणं म्हणतेय. इतक्या महिन्यांनी गातेय हो पोर! कोणत्या तोंडानं सांगू मी तिला? राहू दे, माझी लेक जड नाही मला, जन्मभर राहू दे, पण असल्या माणसाकडे – सर, मागं काय बघताय?

…कुंदा? कव्हयपासून उभी शे तू आठे?

…बेटा, आत जाय. मी येस. …ऐक ना माय, मी… माझ्या खिशातला पेन कशाला काढतेस?

…घ्या, सर. घ्या तिच्या हातातून. बिऱ्हाडे, करुणा – वर लिहा. आता हात धुवा आणि निघा, गाडी बाहेर उभी आहे.