बुजवलेला तलाव

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात शाळा समितीसमोर बोलायला रांग लागली होती. गावच्या पोहण्याच्या तलावाचा धडा पुस्तकात ठेवायचा की काढायचा, ते आज ठरणार होतं. ठेवा, एवढंच सांगायला काळ्या वस्तीतली म्हातारी लव्होनिया आली होती. रांगेत तिच्या पुढे दोन गोऱ्या बायका उभ्या होत्या.

"काढाच म्हणावं तो धडा. माझी नात विचारते, आजी, तलाव मातीनं का बुजवला?"

"मग तू काय सांगितलंस, ट्वायला?"

"सांगितलं, गळत होता."

"खरंच गळत होता?"

"असेल बाई. मातीचे ट्रक आमच्या बाबांनीच नेले होते."

"पण काळ्या पोरांनाही पोहू द्या असा कोर्टाचा हुकूम आला, नेमका त्याच आठवड्यात कसा गळला?"

"तेच तर! डोकं चक्रावतं. बाबा म्हणजे देवमाणूस गं."

"मग आत जाऊन बोलणार काय?"

"मलाच कळेना झालंय." ट्वायला मागे वळली. "मावशी, तुम्ही इथल्याच ना? तो तलाव गळायचा, आठवतं?"

"आतलं मला काय ठाऊक, बाई? आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो," लव्होनिया म्हणाली. "पहिला ट्रक आला, तेव्हा तर काठोकाठ भरलेला होता."