लांडोरीचा तो फोटो कसा काढला

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि गावचे सरपंच माननीय त्रिंबकराव, व्यासपीठावरचे आदरणीय वनक्षेत्रपाल साहेब, आजचे सत्कारमूर्ती वनरक्षक सर्जेराव, समोर पहिल्या ओळीत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सिंधुबाई, छायाचित्र छंद मंडळाचे उत्साही सभासद आणि घाटनांदूर पंचक्रोशीतून उन्हातान्हाचे आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी सोमेश्वर, स्टेशनच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं मी काढली आहेत. आज मात्र पुरस्कारप्राप्त वन्यजीव छायाचित्रकार म्हणून मला बोलावलंय. नवशिक्यांनी रानातले फोटो कसे सुधारावेत यावर दहा मिनिटं बोलायचं आणि शेवटी सर्जेरावांविषयी चार गोड शब्द, असं ठरलं होतं. गोड शब्द मी पाठही केले होते. पण आत्ताच साहेब म्हणाले, एक किरकोळ प्रकार सोडला तर सर्जेरावांची एकोणतीस वर्षांची सेवा निष्कलंक आहे. तुम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून माझं डोकं तापलंय आणि ते मी लपवणार नाही.

आधी नवशिक्यांचं बघू. सध्या त्यांचा सुकाळ आहे. घरोघर केबल आली, केबलवर वाघ-सिंह आले, बाजारात परदेशी कॅमेरे मिळायला लागले आणि तेलगावपासून अंबाजोगाईपर्यंत जो तो गळ्यात पट्टा अडकवून रानाकडं निघाला. हसू नका, त्यात पहिला मीच होतो. पंच्याण्णव साली लांबची लेन्स घेतली आणि मोरदऱ्याच्या राखीव रानात शिरलो. अंगात पांढराशुभ्र सदरा, कानात अत्तराचा फाया. छत्तीस फोटोंच्या पहिल्या रोलमध्ये काय आलं म्हणता? अकरा ठिपके, नऊ पळती ढुंगणं आणि बाकी सगळं गवत. अध्यक्ष महाशय, सभेत हा शब्द शोभत नाही, पण फोटोत दुसरं काही नव्हतंच.

सर्जेरावांनी ते फोटो एकेक करून पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "आप्पा, तुमी लग्नाला आल्यावानी येताव. जनावरानं तुमाला बोलावलं न्हाई."

चौथी शिकलेला हा माणूस. जन्मात कॅमेरा हातात धरला नाही. पण मला जे काही येतं ते यांनी शिकवलंय. पंधरा दिवस त्यांनी माझा कॅमेरा चौकीत ठेवून घेतला आणि मला नुसतं बसवलं. मातकट कपडे घालायला लावले. वारा जनावराकडून आपल्याकडं येईल अशा अंगाला बसायचं, तांबडं फुटायच्या आत जागेवर पोचायचं, मागं मागं पळायचं नाही, ते कुठं येतं ते हेरून आधी जाऊन थांबायचं. उभ्यानं फोटो काढला की काळवीटसुद्धा शेळीएवढं दिसतं, म्हणून पोट जमिनीला लावायचं आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीला यायचं. डोळा स्पष्ट आला नसेल तर फोटो कुणाला दाखवायचा नाही. मंडळाच्या सभासदांनो, लिहून घेताय ना? एवढं केलंत तर वर्षात तुमचे फोटो सुधारतील. माझे सुधारले.

पण आम्हा स्टुडिओवाल्यांना एक खोड असते. नवरदेवाच्या मागं कुणाचं डोकं दिसायला नको, मांडवाची मेढ नको, दोरीवर वाळत घातलेलं धोतर नको. दिसलं की हटवायचं आणि निळा पडदा ताणायचा. पडद्याची सुरकुती गेल्याशिवाय आमचं बोट बटणावर जात नाही. पंचवीस वर्षं हेच केलं मी. ती खोड घेऊन मी रानात गेलो.

मागल्या साली आषाढात दऱ्याच्या उतारावर, बोराटीच्या जाळीखाली एक लांडोर अंड्यांवर बसली होती. पाच अंडी. सर्जेरावांनी माझ्यावर विश्वास टाकून ती जागा लांबून दाखवली. तीन काटेरी फांद्या तिच्या तोंडावर आडव्या होत्या. तीन दिवस सकाळी जाऊन बसलो, पण डोळा काही मोकळा दिसेना. मी विचारलं, एवढ्या तीन फांद्या बाजूला करू का? सर्जेराव कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "हात लावायचा न्हाई. त्या काट्यांच्या भरवशावर ती तिथं बसलीय."

दुसऱ्या दिवशी ते सिंधुबाईंचे डोळे डॉक्टरला दाखवायला अंबाजोगाईला गेलते. मी घरून विळा घेऊन रानात गेलो.

होय, विळा. एकमेकांकडं काय बघताय, ऐका. तीन फांद्या मी या हातांनी कापल्या आणि लांब फेकल्या. लांडोर उठून गेली होती, ती अर्ध्या तासानं परत आली. कोवळं ऊन थेट डोळ्यात, अंगावर एका काडीची सावली नाही. सहा फोटो काढले आणि शीळ घालत घरी आलो. तिसऱ्या दिवशी जाळीखाली टरफलं होती. कावळ्यांनी डाव साधला का मुंगसानं, मला माहीत नाही. त्यांना दिसावं अशी सोय मी करून ठेवली होती. ती बिचारी जाळीभोवती फेऱ्या मारत होती.

सर्जेराव खाली बसले, फांद्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं. म्हणाले, जनावर फांदी मोडतं आप्पा, ही कापलीय. आणि माझ्याकडं बघितलं. मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत राहिलो.

आठवडाभरात साहेब पाहणीला आले. फांद्या कुणी कापल्या म्हणून कडक शब्दांत विचारलं. सर्जेराव एवढंच म्हणाले, "माझ्या राखणीत झालं साहेब." संपलं! सेवापुस्तकात शेरा पडला: गस्तीत हलगर्जीपणा, त्यामुळे घरटे नष्ट. हा तो किरकोळ प्रकार. साहेब, ज्या माणसानं एकोणतीस वर्षं रानातली वाळकी काडी घरी नेली नाही, त्याला जरा बाजूला बसवून विचारावं असं तुम्हाला वाटलं नाही? आणि कापणारा कुठं होता? तुमच्या शेजारी उभा होता! तुम्ही त्याला लेन्सची माहिती विचारत होतात.

नंतर मी सर्जेरावांना गाठलं. माझं नाव का म्हणून नाही सांगितलं, म्हणालो. तर म्हणाले, "तुमाला आत मीच घेतलतं न्हवं? मग कुणाचं नाव सांगू?" आणि मी काय केलं? सुटलो म्हणून घरी जाऊन पोटभर जेवलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण तो फोटो मी स्पर्धेला पाठवला. पहिला आला. परीक्षकांनी लिहिलं, पार्श्वभूमी विलक्षण स्वच्छ. याच सभागृहात तुम्ही मला हार घातलात. आता लोक मला घरट्यांचे पत्ते विचारतात. मागच्या आठवड्यात दिंद्रुडचे एक बँकेतले साहेब आले, चांगले चाळिशीचे गृहस्थ. पिशवीत कॅमेरा, दोन रोल आणि झाडं छाटायची कोरी करकरीत कात्री. म्हणाले, तुमच्यासारखी स्वच्छ पार्श्वभूमी पाहिजे. मी त्यांना दुकानातून हाकललं. कुठल्या तोंडानं हाकललं ते माझं मला ठाऊक.

आणि आज तर कहर झाला. सर्जेरावांना निरोपाची भेट म्हणून तोच फोटो फ्रेम करून द्यायचं ठरलं. ऑर्डर माझ्याच दुकानाला! म्हणजे त्यांनी तो भिंतीवर लावायचा आणि सिंधुबाईंनी दर दिवाळीला पुसायचा. लाज कशी वाटत नाही आपल्याला? आपल्याला म्हणतोय, मला धरून. ती फ्रेम मी दिलेली नाही, देणारही नाही. संयोजकांनी टेबलाखाली शोधत बसू नये.

सर्जेराव, खाली बसा म्हणून हातानं खुणा करू नका. दहा महिने तुमच्या गप्प बसण्याचा फायदा घेतला मी. आज तुम्ही गप्प राहा, मी बोलतो.

आज एकतीस मे. पाच वाजता सर्जेराव निवृत्त होतील आणि सेवापुस्तक मिटेल. आता सव्वातीन झालेत. मी दोन पानी जबाब लिहून आणलाय. फांद्या कोणत्या दिवशी कापल्या, कशानं कापल्या, सर्जेराव त्या दिवशी कुठं होते, सगळं लिहिलंय आणि खाली सही केलीय. कायद्यानं मला जे करायचं ते करा, मी पळून जात नाही. पण तो शेरा ज्या हातानं लिहिला त्याच हातानं, आज, पाचच्या आत खोडला पाहिजे.

अध्यक्षांनी मला अडवलं नाही, संयोजकांनी माइक बंद केला नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी हे कडू बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. रानात झालेली चूक मात्र पदरात घेऊ नका, ती ज्याची आहे त्याच्या नावावर लिहा. साहेब, हा घ्या कागद. पेन नसेल तर माझं आहे.