गोदाक्काच्या गाडीला लावलेलं फडकं

टाळ थांबवा! मृदंगावरचा हातही काढा, बुवा. मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढचं. एखाद्यावर आपली माया आहे — म्हणून त्याला न विचारता त्याच्या कामात हात घालायचा हक्क मिळतो का? बोला की! निम्म्या माना उभ्या हलतायत, निम्म्या आडव्या. म्हणजे घरोघरी हाच उद्योग चाललाय. मग ऐकाच!

टेकडवाडीत गोदाक्का शेलार नावाची बाई. पेंडीचं दुकान चालवायची, पोरं मोठी झालेली, अन् मोटरसायकल म्हणजे जीव की प्राण! तिनं मनात घेतलं — एका दिवस-रात्रीत सोळाशे किलोमीटर गाडी हाणायची. एकटीनं! कुणाला हरवायचं नाही, बक्षीस नाही. आपण अन् घड्याळ, बस्स. कशासाठी, म्हणता? अहो, तिची इच्छा! बाईमाणसाला इच्छा असते, ठाऊक आहे ना? हसू नका, मी रागानं बोलतोय.

वर्षभर तयारी केली तिनं. सुटीच्या दिवशी पहाटे निघायची — आधी कोल्हापूर, मग बेळगाव, मग पार हुबळी. चहा सोडला. पाणी घोट-घोट प्यायला शिकली. सीट फाटली, पण बदलली नाही, कारण ती अंगाला बसलेली होती. निघायच्या वेळी काही नवं नको, हा तिचा नेम. आणि दुसरा नेम — दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही!

आता येतात बाजीराव काटकर. उत्सव मंडळाचे अध्यक्ष! वर्षभर हेच गृहस्थ पारावर बसून दात काढत होते — "बाई घाटातच रडत बसंल!" पण पेपरवाला फोटो काढायला येणार म्हटल्यावर अचानक माया दाटून आली. कमान काय, ढोल काय, हार काय! आदल्या संध्याकाळी गेले गोदाक्काच्या नवऱ्याकडं. "शांतारामभाऊ, चावी द्या. गाडी जरा धुऊन-पुसून ठेवतो." गोदाक्का लवकर झोपली होती; झोपणं हीसुद्धा तयारीच. अन् शांताराम, भला माणूस, म्हणाला, "आपलीच माणसं." दिली चावी!

धुतली गाडी. मग चकाकी यावी म्हणून डिझेल-तेलात बुडवलेलं फडकं घेतलं. टाकीवर फिरवलं, ठीक. टायरवर फिरवलं! अन् पुढच्या चाकातली ती ब्रेकची चकती — ती फोटोत चमकली पाहिजे म्हणून तिच्यावर दोनदा! अरे शहाण्यांनो, तेल चोपडलेला पैलवान कधी हातात सापडलाय का? ती चकती कोरडी लागते, तेव्हा ब्रेक तिला धरतो!

सकाळी गोदाक्का आली, अन् जागीच थांबली. "माझी गाडी कुणी धुतली?"

"अक्का, नवरीवानी सजवलीय!" बाजीराव म्हणाले.

"थांबा, ब्रेक बघते."

"आता काय बघता? मुहूर्त टळतोय! नारळ फुटला की!"

ढोल सुरू. गळ्यात हार. अख्खं गाव बघतंय. मंडळी, त्या एका क्षणी बाई भिडेला बळी पडली. नेम मोडला, गाडीवर बसली. कुणाचा होता हो तो मुहूर्त? तिचा? छे! फोटोचा!

कमानीखाली उतार, उतारावर शाळेचं वळण. पुढचा ब्रेक दाबला — धरेना! मागचा दाबला — टायर सरकला! बाई धाडकन खाली. मनगट मोडलं.

अन् लोक काय म्हणाले असतील? "नजर लागली! लिंबू-मिरची बांधायची राहिली!" मला सांगा, डोकं भडकणार नाही? गोदाक्का धुळीत उठून बसली, मोडका हात मांडीवर. तिनं चकतीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं अन् कडाडली — "कसली नजर? तेल फासलंय तुम्ही! वर्षभर या अंगाला वळण लावलं मी, अन् तुम्ही एका फडक्यानं सगळं पुसलंत!" मग नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही! चावी माझी होती." शांतारामनं मान खाली घातली. एवढ्या गर्दीत चूक कळलेला तो एकटाच.

बाजीराव? ते दवाखान्यात शाल घेऊन हजर! धाडसाबद्दल सत्कार! गोदाक्का म्हणाली, "ती शाल घेऊन जा, अन् त्या शालीनंच चकती पुसा. कोरडी होईस्तोवर पुसा!"

पुढल्या वर्षी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. झुंजुमुंजू झालं. गाडी धुळकट, सीट तीच फाटकी. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, एकदा नाही, दोनदा. शांताराम लांब उभा राहून म्हणाला, "मी काही करू?"

"दार उघडा."

त्यानं दार उघडलं, अन् बाजूला झाला. बाई गेली, आणि एका दिवस-रात्रीच्या आत सोळाशे किलोमीटर पुरे करून दाखवले! परत आली तर वेशीवर बाजीराव हार घेऊन उभे. "अक्का, आम्हाला कळवलं असतंत तर —"

"तर पुन्हा पडले असते," ती म्हणाली, अन् गाडी न थांबवता घरी गेली.

मंडळी, आता बाजीरावांवर हसणं पुरे. तुमच्या घरात कुणी ना कुणी कसली तरी तयारी करतंय. तुमचं फडकं कुठं कुठं फिरलंय, ते आज घरी जाऊन विचारा. "मी काही करू?" एवढंच विचारा. अन् उत्तर आलं, दार उघडा — तर दार उघडा आणि बाजूला व्हा! ते जमतंय का तुम्हाला?

अहो, इथले अध्यक्ष! तुम्ही हार घेऊन माझ्याकडं कुठं निघालात? मला विचारलंत? कीर्तन अजून संपलेलं नाही. बसा खाली!