कोनालाही सांगू नका

लेक : फोन टेबलावर ठेवा, बाबा. हातातून सोडा आधी.

बाबा : ठेवतो. पण त्यांचा माणूस आत्ता फोन करणार आहे. पैसे परत करण्यासंबंधी. मला उचलावा लागेल.

लेक : कोणाचा माणूस? आईचं कानाचं यंत्र म्हणून ज्यांनी ही बुचं पाठवली, त्यांचा?

बाबा : खोक्यांची अदलाबदल झाली म्हणतात. दिलगिरीचं पत्रही आलंय. वाचून दाखवू?

लेक : नको.

बाबा : "आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." आपणांस. णा-वर अनुस्वार. आजकाल कोण देतं?

लेक : चोर देतात. ऐकू यावं म्हणून पैसे भरलेत आणि घरी आली झोपताना कानात घालायची बुचं. त्यात तुम्हाला अनुस्वार दिसला?

आई : मला बसली ती चांगली. काल यांचं बोलणं जरासुद्धा आलं नाही.

बाबा : तुला एरवी तरी कुठे येतं.

लेक : वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायची सोय होती का तिथे?

बाबा : नव्हती. तसं स्वच्छ, सुबक वाक्यात लिहिलं होतं.

लेक : आणि वरच्या पट्टीत दुकानाचं नाव होतं, ते बघितलं? नावाजलेल्या दुकानाच्या नावात एक अक्षर जास्तीचं घुसवलंय. लांबून दिसतं. माझी लग्नपत्रिका एका वेलांटीसाठी छापखान्यात परत पाठवणारे तुम्ही, आणि हे दिसलं नाही?

बाबा : ते इंग्रजीत होतं.

लेक : मग?

बाबा : वर्तमानपत्रात इंग्रजी मजकूर दुसऱ्या टेबलावर जायचा. मुद्रितं तपासायला माझ्याकडे फक्त मराठी यायची.

लेक : आणि किंमत? डॉक्टरांनी सांगितली त्याच्या पावपट. आकडे काही इंग्रजीत नव्हते.

बाबा : आकडे जाहिरात विभाग बघायचा.

लेक : धन्य आहे. म्हणजे चोर जिथून शिरला ती सगळी दारं दुसऱ्या खात्याची. तुमच्या वाट्याला उरलं काय?

बाबा : मजकूर. आणि मजकूर निर्दोष होता. 'विश्वासार्ह' बघ कसं लिहिलंय. आमचे संपादक निवृत्त होईपर्यंत 'विश्वासार्य' लिहीत. मी म्हटलं, जी माणसं रफारात फसवत नाहीत ती पैशांत कशाला फसवतील? शिवाय गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते. प्रत्येकात स्वल्पविराम जागच्या जागी.

लेक : प्रत्येकात?

बाबा : एकूण एक.

लेक : बाबा, अख्ख्या गावात स्वल्पविराम देणारी दोन माणसं सापडायची नाहीत. हे इतके जण एकसारखे देतात, म्हणजे एकाच माणसाने बसून लिहिलंय, एवढं डोक्यात आलं नाही?

बाबा : मुद्रितशोधकाने अर्थात गुंतायचं नसतं. अर्थात गुंतलं की अक्षरं निसटतात. धंद्याचा पहिला नियम आहे तो.

लेक : माझ्या धंद्यात उलटं आहे. मी औषधाच्या दुकानात बसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक अक्षर धड नसतं, तरी माणसं जगतात, कारण ते औषध कशावरचं हे मी आधी बघते. आणि तुम्ही ती साईट मला पाठवलीत तेव्हाच, पैसे भरायच्या आधी, मी तुम्हाला कळवलंही होतं.

बाबा : मला काही आलं नाही.

लेक : आलं होतं. उत्तरही दिलंत.

बाबा : शक्य नाही. तू कळवलं असतंस तर मी भरलेच नसते.

(फोन वाजतो. बाबा उचलतात.)

बाबा : नमस्कार. हो, मीच बोलतोय. आभारी आहे. नाही नाही, मनस्ताप कसला. हो, क्रमांक आला की सांगतो.

लेक : काहीही सांगायचं नाही. फोन द्या इकडे.

बाबा : ओढू नकोस, माणूस लाइनवर आहे. 'कृपया' म्हणाला. 'प्लीज' नाही, कृपया. अगं, खातं दोघांचं आहे, क्रमांक तुझ्या फोनवर येतो. ओटीपी आलाय का बघ.

आई : टोपी?

बाबा : ओटीपी, ओटीपी.

आई : मी कुठे टोपी घालते?

लेक : तू नाही घालत, आई. बाबांना घालतायत. तो फोन माझ्याकडे दे. आणि बाबा, खात्यात जे उरलंय ते आईच्या खऱ्या यंत्राचं आहे. ते गेलं तर हिला जन्मभर बुचांवर भागवावं लागेल.

बाबा : ते पैसे द्यायलाच फोन करतायत. आलाय ना मेसेज? वाच क्रमांक.

लेक : आकड्यांवर माझा अंगठा आहे. खालचा मजकूर तुम्ही वाचा.

बाबा : हे बघ. हे बघ, 'करन्यासाठी'. आणि इथे 'कोनालाही'. शेजारशेजारच्या दोन वाक्यांत दोनदा 'न'. बँक असं लिहील? खोटा आहे हा मेसेज.

लेक : हाच खरा आहे. बँकेत मुद्रितशोधक नसतो.

बाबा : असायला हवा.

लेक : असेल पुढेमागे. आत्ता तुम्हीच तपासा. 'न' चा 'ण' करा आणि शुद्ध प्रत मोठ्याने वाचा. आईला ऐकू जाईल अशी.

बाबा : "तुमच्या खात्यातून रक्कम वजा करण्यासाठी हा क्रमांक वापरा. कोणालाही सांगू नका."

आई : वजा?

बाबा : हो, वजा.

आई : अहो, ते परत देणार होते ना? मग वजा कशाला?

लेक : घ्या. हिला निम्मं ऐकू येत नाही, तरी ऐकू आलं.

बाबा : थांब जरा. हॅलो. हो, आहे मी. क्रमांक आला आहे. पण तो कोणालाही सांगू नका असं लिहिलंय. हो, अशुद्ध लिहिलंय, मान्य. तरीही. नाही, आपण अधिकृत प्रतिनिधी असाल, पण 'कोणालाही' या शब्दात आपणही आलात. क्षमस्व.

आई : कोणाला क्षमस्व म्हणाले?

लेक : चोराला. ठेवला का त्याने?

बाबा : शिवी देऊन ठेवला.

लेक : शुद्ध होती?

बाबा : बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.

आई : उरलेले तरी वाचले का?

लेक : वाचले म्हणायचे. आता मी बँकेला फोन लावून देते, आधी कार्ड बंद करून घ्या आणि गेलेल्या पैशांची तक्रार नोंदवा. तिथली मुलगी म्हणेल, "तुमचं कार्ड ब्लॉक करून देते हां काका." तिला दुरुस्त करायचं नाही.

बाबा : 'हां' सुद्धा नाही?

लेक : काहीच नाही. तिला काम करू द्या. पुढच्या वेळी काही मागवायचं झालं तर मला आधी दाखवा, आणि मी लिहिलेलं नजरेखालून घाला.

बाबा : मी शोधतोय तेच. तू कळवलं होतंस म्हणालीस.

लेक : राहू दे आता.

बाबा : सापडला. "बाबा हि साईट खोटी आहे पैसे भरु नका."

लेक : खालचं वाचा. तुमचं.

बाबा : "'ही' दीर्घ. 'भरू' दीर्घ. 'बाबा'नंतर स्वल्पविराम."

लेक : आणि मग तुम्ही पैसे भरलेत.

बाबा : भरले.

आई : काय झालं? हे असे का बसलेत?

लेक : काही नाही, आई. मी दोन वाट्या भरून शहाणपण पाठवलं होतं, यांनी वाट्या घासून परत पाठवल्या.

बाबा : तू पुन्हा का नाही लिहिलंस? फोन करायचा.

लेक : दुकानात गर्दी होती. आणि खरं सांगू? राग आला होता. तुम्हाला लिहायचं म्हटलं की माझा हात आखडतो. मी दवाखान्यातून "मुलगी झाली" एवढे दोनच शब्द पाठवले होते, चुकायला जागा नको म्हणून. आठवतं तुम्ही काय पाठवलंत?

बाबा : नाही.

लेक : "पूर्णविराम राहिला."

बाबा : राहिला असेल.

लेक : राहिला होता, बाबा. हातात पोर होतं.

आई : मोठ्याने बोला गं जरा.

लेक : सगळं बोलून झालं, आई. बँकेचा फोन लागतोय. घ्या.

बाबा : नमस्कार. हो. हो, ब्लॉक करा. हां. हां. तक्रार पण लिहून घ्या. बरं. ठेवतो. झालं बंद. आठ ठिकाणी चुकली, मी बोललो नाही.

लेक : ऐकलं मी. बरं, निघते, दुकान उघडायचंय. पोचले की फोन करते.

बाबा : फोन कशाला. लिही.

लेक : लिहू?

बाबा : लिही. घाईत लिहिलंस तरी चालेल.

लेक : आणि उत्तर काय यायचं?

बाबा : 'वाचलं', एवढंच पाठवीन.