फुगायला जागा

माझी पहिली बिअर प्यायच्या आधी छताला लागली. जर्मनीत नेकारसुल्ममध्ये इंजिनं तपासणाऱ्या माणसाला घरी बिअर बनवायचं किट म्हणजे काय अवघड, म्हणून मी बादली काठोकाठ भरली.

पुण्याहून आलेली आई म्हणाली, "अरे, फुगायला जागा ठेव. इडलीचं पीठ आपण अर्ध्या पातेल्यातच ठेवतो ना?"

"आई, हे इडलीचं पीठ नाहीये."

सकाळी झाकण उडालेलं आणि फेस छतावर!

आठवड्यानं उरलेली बिअर केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, भरायला घेतली. शेजारचे जर्मन आजोबा घरी बिअर बनवण्यात मुरलेले; त्यांना विचारलं, "भरू?"

तेवढ्यात आईनं बादलीला कान लावला. "अजून बुडबुडतंय. आत्ता भरलंस तर पिंपही उडेल."

मी भाषांतर केलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा म्हणाले. "मला कशाला विचारतोस? घरात मास्टर आहे की!"