मागे कोण बसतं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या मोटार मासिकाचे संपादक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या सर्वेक्षण विभागाच्या प्रमुख, आमच्या ताई, त्यांचे यजमान, त्यांची लेक, शेवटच्या रांगेत पंख्याखालची खुर्ची बरोबर हेरून बसलेल्या त्यांच्या सासूबाई, आणि भाषणं लवकर आटपतील या आशेवर आलेले माझे सर्व सहकारी,

मला बोलायला उभं केलं यात संयोजकांची काहीतरी गफलत झालेली दिसते. मी जाहिरात विभागातला माणूस. ताईंचा विभाग गाड्यांच्या कंपन्यांना नाराज करतो आणि माझा विभाग त्यांची समजूत काढत बसतो. इतकी वर्षं आमची टेबलं समोरासमोर. त्यांनी फोन ठेवला की माझा वाजायचा. तेव्हा माझ्याकडून निव्वळ स्तुतीची अपेक्षा ठेवू नका. शिवाय मला आज एक मागणं मागायचंय, तेही अध्यक्षांकडे, आणि सगळ्यांच्या देखत. केबिनमध्ये मागितलं की ते "बघू" म्हणतात.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमचं मासिक दरवर्षी गाड्यांना पुरस्कार देतं. लोक मला कुठेही गाठून विचारतात, अहो, तुमच्या या पुरस्कारांवर भरवसा ठेवायचा तरी किती? प्रश्न रास्त आहे. जिकडे बघावं तिकडे पुरस्कारच पुरस्कार. एका कंपनीची गाडी वर्षातली सर्वोत्तम, दुसरीची शहरातली सर्वोत्तम, तिसरीला काहीच जमलं नाही तर रंगसंगतीत सर्वोत्तम. रिकाम्या हाताने कोणी घरी जात नाही. आणि सर्वेक्षणांचं म्हणाल, तर शोरूममध्ये किल्ली हातात देताना विक्रेता हळूच सांगतो, "साहेब, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच सांगा हं, नऊ सांगितले तर माझं काही खरं नाही." आपली माणसं भिडस्त, देऊन टाकतात दहा. बरं, भीड नसली तरी नव्या गाडीला नावं कोण ठेवणार? चार जणांचं न ऐकता आपणच निवडलेली असते ती. तिला वाईट म्हणायचं म्हणजे स्वतःच्या अकलेलाच वाईट म्हणायचं.

ताई हे ओळखून होत्या. म्हणून त्या फोनवर गाडीच्या मालकाचं सगळं कौतुक शांतपणे ऐकून घ्यायच्या. गाडी पळते कशी, वळते कशी, शेजारी जळतात कसे. त्याचा दम संपला की विचारायच्या, "बरं, मागे कोण बसतं?"

पलीकडे जरा गडबड व्हायची. "मागे? मागे आई बसते."

"मग त्यांना द्या की फोन."

आणि मग ती माउली हात पुसत फोनवर यायची. आधी तीही म्हणायची, छान आहे हो गाडी, लेकाने हौसेने घेतलीय. ताईंना घाई नसायची. गुडघे कसे आहेत, झोप लागते का, अशा गप्पा सुरू व्हायच्या. मला समोरून एकच बाजू ऐकू यायची. "अस्सं... मग उतरताना हात कोण देतं?" हे वाक्य कानावर आलं की मी समजायचो, एक जाहिरात गेली.

आता ज्या वर्षामुळे ताई ताई झाल्या, त्या वर्षाचं सांगतो. आमचं परीक्षक मंडळ म्हणजे मोठी जाणकार मंडळी. मोकळ्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायच्या, एकेकाने चालवायच्या आणि गुण द्यायचे, ही आमची रीत. त्या वर्षी एका बड्या कंपनीची गाडी एकमताने पहिली आली. मागच्या प्रवाशांच्या आरामालासुद्धा पैकीच्या पैकी. ट्रॉफीवर नाव कोरून झालं. कंपनीने वर्षभराच्या जाहिराती कबूल केल्या आणि मी घरी जाऊन छाती फुगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ताई निकालावर सही करत नाहीत.

संपादकांनी कारण विचारलं. ताई म्हणाल्या, "मालक म्हणतात गाडी उत्तम. आणि त्यांच्या घरची म्हातारी माणसं म्हणतात, तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच बरे."

"पण परीक्षकांनी आरामाला पूर्ण गुण दिलेत."

"मागे कोण बसलं होतं?"

संपादकांनी एकेका परीक्षकाला फोन लावला. काय सांगू तुम्हाला, एकही जण बसला नव्हता. स्टिअरिंगसाठी नुसती झुंबड, आणि मागे दुसरं कोणीतरी बसलं असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं. अध्यक्ष महाराज, आता तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुमचा पारा चढला होता. तुम्ही म्हणाला होतात, "सही करा, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघा." ताईंच्या यजमानांचं तेव्हा दुकान नुकतंच बंद झालं होतं. घर ताईंच्या पगारावर चालत होतं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला होतं. मला फार भीती वाटली त्यांच्यासाठी. ताई एवढंच म्हणाल्या, "कंपनीच्या साहेबांना बोलवा. एक चक्कर मारू."

साहेब आले. कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब, तेही तणतणत. ताईंनी तीच गाडी काढली, स्वतः चालवायला बसल्या आणि आम्हा तिघांना मागे घातलं. एका खिडकीशी साहेब, दुसऱ्या खिडकीशी संपादक, मध्ये मी. गुडघे हनुवटीला टेकलेले, खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं. पहिल्याच गतिरोधकावर तिघांची डोकी छताला लागली. ताई पुढून म्हणाल्या, "लागलं का? अजून आहेत." आमच्या कचेरीपासून बाजारापर्यंत गतिरोधकांना तोटा नाही. साहेबांच्या डोक्यावर केसही नव्हते, त्यामुळे आवाज स्वच्छ यायचा.

परत आलो तर साहेबांना उतरता येईना. ताईंनी दार उघडलं आणि हात पुढे केला. साहेब तो हात धरून उतरले आणि तिथेच उभे राहिले. तावातावाने आलेला माणूस एकदम लहान आवाजात म्हणाला, "माझी आई हल्ली आमच्याबरोबर कुठे येत नाही. म्हणते, मला आता दगदग सोसत नाही." मग गाडीच्या मागच्या दाराकडे बघत म्हणाले, "ह्याच गाडीत बसायची ती. मागे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं होतं, पण माझं थोडं जाहिरातींसाठीही होतं.

त्या वर्षी पहिला पुरस्कार कोणालाच दिला नाही. ती ट्रॉफी अजून आमच्या चहाच्या खोलीत आहे, तिच्यात चमचे ठेवतात. जाहिराती गेल्या त्या गेल्याच, साहेब भला असला तरी इतका भला नव्हता. पण पुढच्या गाडीचं छत त्यांनी उंच केलं. मला वाटलं, आता तरी ताई पहिला नंबर देतील. तिसरा दिला. त्यावर साहेबांचा फोन आला, तोही मला नाही, ताईंना. म्हणाले, "नंबराचं राहू द्या. आई येते हल्ली बरोबर."

आता बघा, निरोप समारंभ हेही एक सर्वेक्षणच असतं. इथे कोणाला दहाच्या खाली गुण मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. माझ्या आधीचे वक्तेही सढळ हाताने देऊन गेले. म्हणून मी काल ताईंच्या पद्धतीने ताईंच्या घरी फोन केला. यजमानांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत दहा सांगितले. ते शेजारी बसणारे, त्यांचे मी धरले नाहीत. म्हटलं, सासूबाईंना द्या फोन.

सासूबाई म्हणाल्या, "सात."

मी विचारलं, तीन कुठे गेले? म्हणाल्या, "एक माझ्या औषधांवरून कटकट करते म्हणून. एक जेवायच्या वेळी फोनवर असते म्हणून. आणि एक राखून ठेवलाय. आता रोज घरी असणार आहे, बघू." मग आपणहून म्हणाल्या, "पहिली गाडी घेतली तेव्हा सगळे तिचं कौतुक करत होते. मी गप्प होते. एक दिवस सूनबाई उगाच मागे येऊन माझ्याशेजारी बसली. घरी आल्यावर उतरताना तिनेच मला हात दिला. तिथून सुरू झालं हे तिचं, मागे कोण बसतं."

ताई, डोळे पुसा, सगळे बघताहेत.

आता माझं मागणं. पुढच्या महिन्यापासून आमचं सर्वेक्षण मोबाईलवर जाणार आहे. मालकाला संदेश जाईल, तो अंगठ्याने गुणांच्या चांदण्या दाबेल, संपलं. त्यात आईला फोन देणार कोण? अध्यक्ष महाराज, चांदण्या खुशाल ठेवा. पण ताईंच्या खुर्चीवर एक माणूस बसवा आणि तो प्रश्न फोनवर, तोंडाने विचारत राहा. हे मी जाहिरात विभागातला असून मागतोय, यातच काय ते समजा... मान हलली. आडवी हलली की उभी? उभी. सभागृह साक्षीला आहे.

तेव्हा ताई, आज घरी जाताना गाडी लेकीला चालवू द्या आणि तुम्ही सासूबाईंच्या शेजारी मागे बसा. उद्या सकाळी पहिला फोन तुमच्याच घरी येईल. तेव्हा भिडेखातर दहा सांगू नका.

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, संयोजकांनी माझ्यावर विश्वास टाकला, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं निघून गेलं असेल तर पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी ते पोटात घालावं. माझ्या भाषणाला गुण मात्र शेवटच्या रांगेने द्यावेत. सासूबाई, किती?

सहा.

चालेल. खरे आहेत.