पोर्तुगीज आजी

फोर्ट कोचीच्या धक्क्यावर वैपीनच्या बोटीसाठी रांग लागली होती. माझ्या पुढे आमच्या गल्लीतली, लग्न होऊन पलीकडे वैपीन बेटावर गेलेली जसिंता म्हाताऱ्या आईचा हात धरून उभी होती. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ ऑगस्टिन धापा टाकत आला. गाइडचा बिल्ला गळ्यात तसाच होता.

"चेची, अम्माला कुठे नेतेस?"

"माझ्या घरी."

"मला न विचारता?"

"तू टुरिस्टांना ओसरीवर आणताना तिला विचारलं होतंस?"

"जुनं घर बघायला येतात बिचारे. दोन फोटो काढतात नि जातात."

"घराचे? तिला खुर्चीत बसवून 'ही शंभर वर्षांची पोर्तुगीज आजी' म्हणून दाखवतोस! आपला अप्पन, तिचा नवरा, साधा नावाडी होता रे, मेल्या!"

"धंद्यात थोडा मीठमसाला लावावाच लागतो."

"आणि तिला काय वाटतं? दारात एवढी माणसं बघून वाटतं, कधीच गेलेला अप्पन आजच गेला. ऊर बडवून रडते ती!"

"रडते, पण लगेच विसरते ना."

"ती विसरते. तुला तर आठवतं ना? रोज सकाळी आईला नव्याने विधवा करतोस, आणि ते लोक त्या रडण्याचेही फोटो काढतात!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

बोट लागली. जसिंताने आईला सांभाळून पुढे घेतलं.

"अगं, उद्या फ्रेंच मंडळी येणार आहेत. त्यांना मी काय दाखवू?"

"तूच बस त्या खुर्चीत. आईला विकून खाणारा मुलगा बघा, म्हणावं. खोटं काही सांगावं लागणार नाही."